सरासरी बरोबर, पण टिक?

चरणजीत सिंग यांची १९८२ ची तबकडी, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट', मुंबईत ध्वनिमुद्रित झाली. 'शिकागोच्या आधीचं ॲसिड हाउस' असं तिचं कौतुक होतं. पण यंत्रं तीच होती म्हणून वारसा सिद्ध होत नाही, आणि अशा शेऱ्यातून आतलं काही कळतही नाही.

मला तिथे ऐकू येतं ते क्लॉक. मिडी आलं १९८३ ला. त्याआधी रोलँडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ केबलने जोडल्या, की मात्रेला २४ टिक्स या हिशेबाने एकत्र चालायच्या. त्यामुळे तबलजी चढवतो तशी लय इथे चढत नाही. ही या तबकडीची मर्यादा. मजाही तिथेच आहे: खाली यंत्र अढळ, वर ज्युपिटर-८ वर हाताने घेतलेली मींड.

सीक्वेन्सरचं फर्मवेअर बदललं की आपणही असाच शेरा मारतो: 'बीपीएम बरोबर आहे.' १२० बीपीएमला दोन टिक्समध्ये सुमारे २०.८ मिलिसेकंद असतात. एक टिक २ मिलिसेकंद उशिरा आली आणि पुढची वेळेवर, तर सरासरी बरोबरच दिसणार ना! म्हणून प्रत्येक टिक रेकॉर्ड करा आणि जुन्या-नव्या फर्मवेअरमधली अंतरं शेजारी मांडून बघा.

आधी हेडफोन लावून 'राग भैरव' ऐका, मग मोजायला बसा.