ओळंबा आणि श्वास

पाठीच्या मधल्या भागातील वेदनेची परीक्षा करताना देहस्थिती आणि श्वसन ही दोन स्वतंत्र प्रकरणे मानण्याची रूढी अद्याप मोडलेली नाही. केंडॉल दांपत्य व बॉइंटन यांच्या १९५२ मधील ‘पोश्चर अँड पेन’ या ग्रंथाच्या परंपरेत देहस्थिती ओळंब्याने पारखली जाते. दोरी कानाच्या पाळीवरून व खांद्यावरून, नितंबसंधीच्या किंचित मागून, गुडघ्याच्या आसाच्या व घोट्याच्या किंचित पुढून उतरली, म्हणजे ठेवण आदर्श. ही पद्धत शिकविण्यास सुलभ आहे खरी. परंतु ओळंबा भिंतीसाठी आहे आणि भिंत श्वास घेत नाही.

वक्षभागातील बाराही मणक्यांना बरगड्या जोडलेल्या आहेत. पहिल्या दहा जोड्या तर मणक्यांच्या आडव्या प्रवर्धांशीही सांधलेल्या असतात. श्वासागणिक वरच्या बरगड्या पंपाच्या दांड्याप्रमाणे उचलल्या जातात, खालच्या बादलीच्या कडीप्रमाणे बाहेर वळतात. म्हणजे ज्या सांध्यांच्या ठेवणीविषयी निर्णय द्यावयाचा, ते कधी स्थिर नसतातच.

श्वसनाकडे वळावे तर तेथे मापनफीत आडवी येते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससाठी १९६६ च्या न्यूयॉर्क निकषांनी चौथ्या व पाचव्या बरगड्यांमधील पातळीवर एक इंच वा त्याहून कमी प्रसरण हे लक्षण मानले. वय व लिंग यांनुसार हे माप बरेच बदलते, हे मोल व राइट यांनी १९७२ मध्ये दाखविले. १९८४ च्या सुधारित निकषांत तो ठोकळ आकडा गळला. तरीही दुरुस्त केलेले माप एकूण प्रसरणच सांगते. कोणती बाजू अडली, दुखते म्हणून श्वास आखडला की सांधाच ताठर आहे, याविषयी फीत मुकी आहे.

शिवाय ‘श्वास घ्या’ म्हटल्याबरोबर रोगी नेहमीसारखा श्वास घेत नाही. नाडी पाहण्याच्या निमित्ताने मनगट धरून श्वास मोजण्याची जुन्या वैद्यकांची युक्ती येथे फितीहून अधिक उपयोगी. त्यानंतर बसण्याची ठेवण बदलावी, श्वास खालच्या बरगड्यांत नेण्यास सांगावे आणि दुखणारी हालचाल पुन्हा करवून घ्यावी. वेदनेत फरक पडला नाही, तर पोक कितीही डोळ्यांत भरणारे असो, त्यास कारण ठरविण्याचा अधिकार परीक्षकाला उरत नाही. अर्थात रात्री वाढणारे दुखणे, ताप वा वजनातील घट असल्यास कण्याच्या क्षयाची आणि श्रमाबरोबर येणाऱ्या वेदनेत हृदयविकाराची शंका फेडल्यावाचून या परीक्षेस हातच घालू नये.