ललिताबाईंचा डावा डोळा

फर्स्ट शिफ्ट करून, आंघोळ-चहा उरकून जे थेट इथे आलेत त्यांचे आधी आभार. कारण 'हिंदी चित्रपटसृष्टीतील कलावंतांचे व्यावसायिक जीवन' असा फळ्यावर लिहिलेला विषय वाचून कोणालाही झोप यावी. (हशा) विषय इतका मोठा आहे की त्यावर काहीही बोलता येतं, आणि काहीही बोलता येतं तिथे बहुधा काहीच सांगितलं जात नाही. म्हणून आम्ही तो लहान करून घेतलाय. आज आपण एका डोळ्याबद्दल बोलू. ललिता पवार यांचा डावा डोळा.

चेहरा आला ना समोर? 'दहेज'मधली सासू, 'जंगली'मधली करडी आई आणि 'रामायण' मालिकेतली मंथरा. ती मालिका चित्रित झाली उंबरगावला. बोईसरला गाडीत बसलं की वाणगाव, डहाणू, घोलवड, बोर्डी रोड आणि मग उंबरगाव. म्हणजे मंथरा आपल्या शेजारचीच. १९८७ साली रविवारी सकाळी आमच्या घरी सगळी आळी जमायची. मंथरा पडद्यावर आली की आमची मावशी म्हणायची, "आली बघा मेली!" तोवर मंथरेनं तोंडही उघडलेलं नसायचं, कैकेयी अजून यायची असायची. मावशीला आधीच कसं कळायचं? डोळ्यावरून. एक डोळा पूर्ण उघडा आणि दुसरा बारीक. मावशीच्या हिशेबी बारीक डोळा म्हणजे कपट.

मावशी शिकलेली नव्हती. आम्ही मात्र तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेऊन वर्गात तेच शिकवत होतो. सौंदर्यशास्त्राच्या पेपरला अभिनयाचे भरतमुनींनी सांगितलेले चार प्रकार असत: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. म्हणजे शरीरानं केलेला, वाणीनं केलेला, रंगभूषा-वेषभूषेचा, आणि मनातून उमटणारा. उदाहरण म्हणून आम्ही दरवर्षी ललिताबाईंचा डोळा सांगायचो. 'पाहा, एका डोळ्यानं केवढा आंगिक अभिनय!' पोरांना पटायचं. चेहरा सगळ्यांना माहीत होता.

एका वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. नाव सांगत नाही. रात्री एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे काम करायचा आणि सकाळी डुलक्या घेत वर्गात बसायचा. त्याच्या अंगावर एकदा काहीतरी उडालं होतं आणि एक पापणी आखडून बसली होती. तो म्हणाला, "सर, मग माझ्या डोळ्यात आता कुठला भाव दिसतो?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग तोच हसून म्हणाला, "एसटीत बायांना वाटतं मी डोळा मारतोय."

आता ललिताबाईंच्या डोळ्याचं काय झालं होतं ते सांगतो. तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल, पण कामाची गोष्ट म्हणून ती कधी सांगितली जात नाही. साल १९४२, चित्रपट 'जंग-ए-आझादी'. प्रसंग असा की भगवान यांनी त्यांच्या थोबाडीत मारायची. मारली, आणि ती खरीच बसली. चेहऱ्याची शीर दुखावली, एका बाजूला लकवा आला, औषधपाणी दीर्घकाळ चाललं आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. तोवर त्या नायिका होत्या. येवल्याच्या मुलीनं मूकपटांच्या काळात कामाला सुरुवात केली, पुढे स्वतः निर्मातीही झाली. टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून 'दुनिया क्या है' काढला. एका दुपारच्या शूटिंगनं ती नायिका संपली. दोन वर्षांनी प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी बाई म्हणून महाराष्ट्राला जी दाखवायची होती, तिला हा चेहरा चपखल बसला.

ही घटना आपल्याकडे कारखान्यात घडली असती तर तिला काय म्हणाले असते? कामावरचा अपघात. पंचनामा, ईएसआयचे कागद, युनियनवाल्यांच्या फेऱ्या. मिळालं असतं की नसतं हा भाग वेगळा, पण नाव तरी तेच पडलं असतं. ललिताबाईंवरचे लेख काढून पाहा, तिथे एक ठरलेला शब्द येतो: 'इष्टापत्ती'. अपघात झाला, पण ती इष्टापत्ती ठरली, कारण नायिका पाच-सात वर्षांत बाद होतात आणि बाईंना पुढे चाळीसच्या वर वर्षं काम मिळालं. आमची तक्रार या शब्दाशी आहे. कोणाला इष्ट? निर्मात्याला खलनायिकेसाठी वेगळी रंगभूषा लागली नाही, त्याला इष्ट. आम्हाला वर्गात फुकट उदाहरण मिळालं, आम्हालाही इष्ट. बाईंना काय झालं? ज्या चेहऱ्यावर पोट होतं तो मोडला, आणि मोडलेल्या चेहऱ्यावर पोट भरायला त्या शिकल्या. हे कर्तृत्व त्यांचं आहे, अपघाताचं नव्हे. हात गमावलेला कामगार दुसऱ्या हातानं मशीन चालवायला शिकला तर आपण मशीनचे आभार मानतो का?

भरतमुनींकडे परत जाऊ. तो डोळा आंगिक नव्हता, कारण बाई तो बारीक करत नव्हत्या. तो बारीकच होता. आहार्य नव्हता, तो मेकअप पुसून जाणारा नव्हता. सात्त्विक तर नव्हताच. चारांपैकी कुठल्याच खणात तो बसत नाही. ती कामावरची जखम होती आणि आपण तिला अभिनय म्हणून वाचत आलो. शास्त्राची चूक नाही. नाटकात जखम झाली तर पडदा पाडतात. कॅमेऱ्याला ती गरज नाही. कॅमेरा जखमही टिपतो, तिची रीळं होतात आणि ती रीळं गावोगाव विकली जातात.

हे सगळं आज आम्हाला सुचलं असा आव आणत नाही. एका मराठी नटीनं ऐंशीच्या वर वर्षांपूर्वी हे सांगून ठेवलंय. शांता आपटे. 'कुंकू'मधली नीरा, म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी. तोच चित्रपट हिंदीत 'दुनिया न माने', १९३७ सालचा, सगळ्या देशात गाजला. दोन वर्षांनी, १९३९ साली, याच शांताबाई पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वाद कराराचा होता. पडद्यावर बंड करणारी नीरा सगळ्यांना आवडली होती. तीच बाई फाटकाशी बसली तेव्हा ती तऱ्हेवाईक, भांडखोर ठरली. १९४० साली त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. शीर्षक वाचून वाटतं, होतकरू मुलींना सल्ला असेल. सल्ला आहेच, पण पुस्तक आहे या धंद्यातल्या पिळवणुकीचं. भांडवल कोणाचं, राबतो कोण, थकतो कोण, आणि थकल्यावर त्याचं होतं काय. नटी थकते, हे वाक्य चित्रपटावरच्या लिखाणात तुम्ही किती वेळा वाचलंय? तिच्या सौंदर्यावर रकाने भरतात, तिच्या झोपेवर नाही.

हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' तुम्ही वाचलं असेल. त्यावरून बेनेगलांचा 'भूमिका' आला, १९७७ साली, स्मिता पाटील यांचा. चित्रपट चांगलाच आहे. पण पुस्तक वाचलेल्या कोणालाही विचारा काय आठवतं, तर पुरुष आठवतात आणि दारू आठवते. घरात पैसा नाही म्हणून एक लहान मुलगी कामाला लागली आणि पुढे तिच्या कमाईवर घर चाललं, हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच असून कोणाच्या लक्षात राहत नाही. आपण त्याला आत्मकथा म्हणून वाचलं. ते कमावतीचं हिशेबाचं पुस्तक म्हणूनही वाचता येतं.

आता एक जण इथे म्हणेल, आणि म्हणावंच, की सर, मारणाऱ्याचं काय? भगवान यांना खलनायक करून टाकणं सोपं आहे. पण भगवान पालव हे गिरणी कामगाराचे पोर. कुस्तीची आवड, बिनभांडवलाचे मारधाडीचे चित्रपट करत वर आलेले. मग 'अलबेला', १९५१ साल. निर्माता तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. जुहूला बंगला झाला, गाड्या झाल्या. पुढचे चित्रपट पडले आणि सगळं गेलं. दादरच्या चाळीत दिवस काढले, दुसऱ्यांच्या चित्रपटांत काही सेकंद येऊन ती ठेक्याची पावलं टाकून जायचे. २००२ साली गेले. त्यांच्याबद्दल लिहिताना 'उधळपट्टी' हा ठरलेला शब्द. असेलही. पण सरकारनं चित्रपटधंद्याला उद्योगाचा दर्जा दिला तो १९९८ साली. तोवर बँका या धंद्याला उभ्याही करत नसत. चित्रपट काढायचा तर सावकाराचं व्याज किंवा स्वतःचं घर. कारखानदाराचा कारखाना बुडाला तर कंपनी बुडते. नट-निर्मात्याचा चित्रपट बुडाला की स्वयंपाकघर बुडतं. याला नुसती उधळपट्टी म्हणणं आळशीपणा आहे. आणि ती पावलं! अमिताभ बच्चन यांच्यापासून गणपतीच्या मिरवणुकीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या पायांत ती आहेत. वर्गणी कोणी दिली नाही.

म्हणजे थोबाडीत मारणारा हातही मजुराचाच होता. मग जबाबदार कोण, हा प्रश्न त्या दोघांत सुटत नाही. प्रसंग खरा वाटला पाहिजे, ही मागणी कोणाची होती? दिदेरो नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ अठराव्या शतकात सांगून गेला की थोर नट स्वतः थंड असतो, भावना प्रेक्षकाला होते. आम्हाला हे फार पटायचं. पण थोबाडीत खाताना थंड राहता येत नाही. मजूर श्रम विकतो तेव्हा श्रम गेटच्या आत पाठवून स्वतः घरी थांबू शकत नाही, अंग घेऊन जावं लागतं. नटाचंही तेच.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, पण झोपू नका, यात एक गंमत आहे. १९८१ साली संसदेनं सिनेकामगारांसाठी कायदा केला: लेखी कराराशिवाय कोणाला कामावर ठेवायचं नाही. शांताबाई फाटकाशी बसल्याला तेव्हा ४२ वर्षं झाली होती. गंमत त्यात नाही, ती कॉपीराइट कायद्यात आहे. २०१२ साली त्यात दुरुस्ती झाली. एकदा नटानं लेखी संमती दिली की चित्रपटाचा उपभोग घेण्याला तो निर्मात्याला हरकत घेऊ शकत नाही, मात्र त्याच्या कामाचा व्यावसायिक वापर झाला तर मानधनाचा वाटा मागू शकतो. इथवर ठीक. पुढे एक पोटवाक्य आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत नाही, तो कायद्याच्या लेखी कलाकारच नाही. त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तक्रार करता येते, तेवढा एक हक्क सोडला तर बाकी काही नाही.

म्हणजे गर्दीत उभा राहिलेला, मार खाणारा, नायकाच्या मागे नाचणारा, पडद्यावर तुम्ही डोळ्यांनी पाहता तो माणूस, पाट्यांत नाव नसेल तर कायद्याला दिसत नाही. आम्ही हे बाहेरगावी सांगितलं तर लोक चकित होतात. कुंभवलीत कोणी चकित होणार नाही. स्फोट झाला, आत किती माणसं होती, तर हजेरीपटावर होती तेवढी. ठेकेदारानं नाव चढवलं नाही, तर तो आत नव्हताच. माणूस होता की नाही हे यादी ठरवते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पेपरात 'अस्तित्व आणि नाम' म्हणून येतो. इथे तो गेटवर येतो.

आता शेवटचं, आणि हे केवळ तक्रार म्हणून नाही. घरी गेल्यावर 'अनाडी' पाहा, १९५९ सालचा, हृषीकेश मुखर्जींचा. मंथरा साकारणारीच बाई त्यात मिसेस डिसा आहे. भाडेकरू राज कपूरवर ओरडते, आणि त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावते. डोळा तोच, तितकाच बारीक. पण या चित्रपटात त्यात कपट शोधून पाहा, सापडत नाही. माया दिसते, थकवा दिसतो, गंमतही दिसते. इथे बाईंनी आमचा सगळा धडा खोटा ठरवलाय: जखमेला स्वतःचा भाव नसतो, आणि तिच्यासकट त्या जो आणतील तो भाव आपल्याला दिसतो. या कामाला त्यांना फिल्मफेअरचा पुरस्कारही मिळाला. आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढच्या तासाला हाच चित्रपट सांगितला. तो पाहून आला आणि म्हणाला, "सर, ती बाई मरते कशानं ते तुम्ही सांगितलं नाहीत."

खरंच सांगितलं नव्हतं. आमच्या लक्षातच नव्हतं. मिसेस डिसा मरते ती सदोष औषधानं. औषध कंपनीच्या मालकाला ठाऊक असतं, तो गप्प बसतो, आणि आरोप येतो तिच्या भाडेकरूवर. आम्ही तो चित्रपट चार वेळा पाहिला होता, आणि चारही वेळा त्या डोळ्याकडे बघत बसलो होतो. औषधाची बाटली त्या रात्रपाळीच्या पोराला दिसली.

चहा आलाय. प्रश्न चहा घेता घेता विचारा, सेकंड शिफ्ट सुटायच्या आत आपल्याला हॉल रिकामा करून द्यायचाय.