‘नटसम्राट’ आणि शाबूत बुद्धीचा प्रश्न

नाशिक ही ज्यांची कर्मभूमी, त्या वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ या नाटकाचा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मध्ये झाला. गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट आपण मिळविलेले सारे द्रव्य हयातीतच मुलगा व मुलगी यांच्या स्वाधीन करतो आणि पुढे पत्नी कावेरीसह निराधार होतो, हे त्याचे कथासूत्र सर्वपरिचित आहे. शेक्सपिअरच्या लिअर राजाशी असलेले त्याचे नाते समीक्षकांनी वारंवार दाखविले. परंतु ज्या कृतीतून हे सर्व अनर्थ उद्भवतात, ती करताना गणपतरावांची बुद्धी शाबूत होती काय, हा प्रश्न क्वचितच नीट विचारला जातो. उत्तरार्धातील भ्रमिष्ट म्हातारा डोळ्यांपुढे ठेवून पूर्वार्धातील दात्याचा न्याय करण्याकडेच वाचकाचा कल असतो. ही वाचनपद्धती कायद्याला आणि वैद्यकाला मान्य होण्याजोगी नाही. नाट्यदृष्ट्याही ती हानिकारक आहे.

मृत्युपत्र करण्याच्या मानसिक पात्रतेची कसोटी इंग्लंडमध्ये १८७० साली, म्हणजे ‘नटसम्राट’च्या बरोबर शंभर वर्षे आधी, बँक्स विरुद्ध गुडफेलो या खटल्यात निश्चित झाली. त्यातील मृत्युपत्रकर्ता पूर्वी वेड्यांच्या इस्पितळात राहिलेला होता. एक मृत मनुष्य व काही पिशाच्चे आपला पाठलाग करतात, अशी त्याची दृढ समजूत होती. तरीही त्याचे मृत्युपत्र वैध ठरले. आपण काय करीत आहोत, आपली मालमत्ता साधारण किती आहे आणि आपल्यावर कोणाकोणाचा हक्क पोहोचतो, हे त्याला उमजत होते. आणि त्याच्या भ्रमाचा त्या वाटणीवर परिणाम झालेला नव्हता. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे ५९ वे कलम याच दिशेचे आहे. एरवी वेडा असलेला मनुष्यही बुद्धी ठिकाणावर असलेल्या काळात मृत्युपत्र करू शकतो. मात्र नशा, आजार वा अन्य कारणाने आपण काय करतो हेच कळत नसेल, तर त्या अवस्थेत त्याला ते करता येत नाही. अर्थात कायदा पाहतो तो क्षण व ती कृती. संपूर्ण आयुष्य नव्हे.

वैद्यकाचा अनुभवही याला पोषक आहे. नावे विसरणारा वृद्ध आपल्या घराचा व मुलांचा पुरता विचार करू शकतो. उलट तीव्र आजारातील बेशुद्धीसदृश गोंधळ काही तासांत चढतो व उतरतो, म्हणून सकाळच्या तपासणीवरून संध्याकाळच्या सहीविषयी निर्णय देता येत नाही. रोगाचे नाव म्हणजे अपात्रतेचा पुरावा नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणास अस्थिरबुद्धी समजू नये, असे स्पष्ट केले आहे.

या कसोटीवर गणपतराव कोठे उभे राहतात? आपले द्रव्य, आपली मुले आणि आपण करीत असलेले दान, तिन्ही गोष्टी त्यांना स्वच्छ कळतात. त्यावर एक आक्षेप संभवतो. रंगभूमीवरील राजेपण त्यांच्या अंगी इतके मुरले आहे की, ते दानही एका भूमिकेचाच भाग म्हणून करतात. मग हा वाटणीवर परिणाम करणारा भ्रम नव्हे काय? आक्षेप मार्मिक आहे, पण टिकणारा नाही. आपण राजा आहोत असे मानणे हा भ्रम. राजासारखे औदार्य दाखवावेसे वाटणे हा स्वभाव. गणपतरावांचा दोष दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यांना मालमत्तेची पारख होती, माणसांची नव्हती. आणि माणसांची पारख हा शाबूत बुद्धीचा निकष कोणत्याही न्यायालयाने केलेला नाही.

त्यांनी मृत्युपत्र केले असते तर? मृत्युपत्र मरणानंतरच अंमलात येते आणि कर्त्याची पात्रता कायम असेपर्यंत ते रद्द करता येते. पूर्ण झालेले दान सहसा परत फिरत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याच्या २३ व्या कलमाने, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अटभंग झाल्यास परत मिळविण्याचा मार्ग खुला केला. पण गणपतराव अट घालणारे नव्हेत. प्रेमाला अट घालणे त्यांना अपमानास्पद वाटले असते. जेथे कायदा साह्यास येऊ शकतो, नेमके तेथेच त्यांचा स्वभाव आडवा येतो, आणि शोकात्म नायकाचे हेच लक्षण आहे.

म्हणून नाटकातील वेड हे दानाचे कारण नसून परिणाम आहे. लिअरही राज्य वाटताना वेडा नसतो. वाटणीची फळे त्याला वेडाकडे नेतात. गणपतरावांना आरंभीच दुर्बलबुद्धी मानले तर मुलांचा अपराध सौम्य होतो आणि शोकात्मिकेची केवळ रोगकथा उरते. शिरवाडकरांकडूनही येथे एक उणीव राहिली आहे. गणपतरावांच्या वाणीचा ओघ इतका प्रबळ आहे की, दानाच्या क्षणी त्यांनी काय तोलले व काय तोलले नाही, याकडे प्रेक्षकाचे लक्ष राहत नाही, आणि उपर्युक्त गैरसमजाला वाव मिळतो.

हा भेद रंगभूमीपुरता नाही. वृद्धाने अविचाराने वाटणी केली म्हणून त्याला अपात्र ठरविण्याचा मोह नातलगांना होतो. आणि तो खरोखर अपात्र असता त्याच्याकडून सही घेण्याचा मोहही त्यांनाच होतो. पहिल्यात त्याचे स्वातंत्र्य जाते, दुसऱ्यात त्याचे सर्वस्व. १९५८ मध्ये वेंकटचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संशयास्पद परिस्थितीचे निरसन करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकला, तो या दुसऱ्या मोहाला आळा घालण्यासाठी. पहिल्याला आळा घालण्यासाठी मात्र चुकण्याचा अधिकारही शाबूत बुद्धीच्या माणसाचाच असतो, हे मान्य करावे लागते. गणपतराव बेलवलकरांना हा अधिकार दिला, तरच त्यांचे दुःख त्यांचे स्वतःचे ठरते.