फितुराच्या डोक्यावर फोडलेलं खापर

मलायाच्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते चिन पेंग यांचं ‘माय साइड ऑफ हिस्टरी’ (२००३) हे आत्मकथन लाय टेकबद्दल बोलताना सर्वांत जास्त पकड घेतं. मला ते तिथेच सर्वांत सोयीस्करही वाटलं.

लाय टेक व्हिएतनामी. आधी फ्रेंचांचा, मग सिंगापूरच्या ब्रिटिश पोलिसांचा खबऱ्या. बहुतांशी चिनी असलेल्या पक्षात तो कॉमिन्टर्नचा माणूस म्हणून शिरला आणि १९३९पर्यंत सरचिटणीस झाला. जपानी आल्यावर त्यांनाही माहिती पुरवू लागला. १ सप्टेंबर १९४२ला बातू केव्ह्जजवळ जमलेल्या नेत्यांवर जपान्यांनी छापा घातला. कित्येक जण मारले गेले. सरचिटणीस तेवढे आलेच नव्हते! १९४७मध्ये बिंग फुटता फुटता तो पक्षाचा पैसा घेऊन पळाला.

चिन पेंग हे थंडपणे सांगतात. पण १९४५मध्ये परतलेल्या ब्रिटिशांशी न लढण्याचं खापरही ते त्याच्याच डोक्यावर फोडतात, तेव्हा मी थबकलो. आठेक वर्षं बाकीचे काय करत होते?

माझ्या मते उत्तर पाळतीत आहे. जून १९३१मध्ये सिंगापुरात जोसेफ द्यूक्रू हा कॉमिन्टर्नचा फ्रेंच दूत पकडला गेला आणि त्याचा धागा धरून पोलीस हाँगकाँगमध्ये हो चि मिन्हपर्यंत पोहोचले. पकडलेल्या चिनी कार्यकर्त्याला खटल्याविना चीनला हद्दपार करता येई. १९२७नंतर तिथे कुओमिन्तांगच्या हाती पडणं म्हणजे जिवावरचा खेळ. मग टोपणनावं, एकमेकांना न ओळखणारे गट, वरून आलेला हुकूम निमूट पाळणं. जीव वाचवायला उभ्या केलेल्या या भिंतींआड खबऱ्याच सर्वांत सुरक्षित होता. त्याला तपासणार कोण? (सगळे अधिकार एकाकडे आणि लॉग पुसायची मुभाही त्यालाच, अशी सिस्टिम आमच्याकडे कुणी पास करणार नाही. निदान कागदावर तरी.)

म्हणून लाय टेकला निव्वळ ‘गद्दार’ म्हणणं मला अपुरं वाटतं. तो पाळतीने घडवलेल्या पक्षाचा नेता होता. चिन पेंग उघड झालेले ब्रिटिश कागद वापरतात, पण पोलिसांना काय कळलं एवढंच त्यांत शोधतात. पोलिसांमुळे पक्ष कसा बदलला, हा प्रश्न ते स्वतःच्या पिढीला विचारत नाहीत.

लाय टेकलाही तो विचारायचा राहिला. चिन पेंग यांच्या सांगण्यानुसार, बँकॉकमध्ये त्याला जिवंत पकडायला गेलेल्या थाई साथीदारांच्या हातून झटापटीत त्याचा गळा आवळला गेला. प्रेत पोत्यात घालून नदीत टाकलं.