ट्वीटरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर

घरच्या स्पीकरांना जास्तीचे अ‍ॅम्प्लिफायर जोडले तर गाणे खरेच सुधारते का? मला भावलेले सर्वांत सुंदर उत्तर सीगफ्रीड लिंकविट्झ यांच्या १९७६ सालच्या निबंधात आहे. लिंकविट्झ हेवलेट-पॅकार्डमध्ये इंजिनिअर होते. निबंध ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांनी हात घातला तो एका अडचणीत: खालचे स्वर वाजवणारा वूफर आणि वरचे स्वर वाजवणारा ट्वीटर एकाच जागी बसू शकत नाहीत. जिथे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते, बहुतेक छोट्या स्पीकरांत दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, त्या छेदबिंदूवर दोघांच्या लहरी पुढेमागे झाल्या की आवाजाचा झोत समोरच्या श्रोत्याला सोडून वर किंवा खाली झुकतो.

सहकारी रस रायली यांच्या साथीने आलेला तोडगा पाहा. बटरवर्थ जातीचे दोन सारखे फिल्टर एकापाठोपाठ एक लावायचे. छेदबिंदूवर वूफर आणि ट्वीटर दोघेही ६ डेसिबलने उतरलेले, म्हणजे व्होल्टेज निम्मे, आणि दोघे एकाच फेजमध्ये. निम्मे अधिक निम्मे, पूर्ण एक! पलीकडे दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार, त्यामुळे एकाची लुडबुड दुसऱ्याच्या प्रांतात फारशी पोचत नाही. इतक्या थोड्या सामग्रीत इतकी नितळ बेरीज मी ध्वनिशास्त्रात क्वचितच पाहिली आहे.

हा फिल्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, दुबळ्या सिग्नलवर काम करतो. विभागणी आधीच झाली, म्हणून प्रत्येक भागाला स्वतंत्र अ‍ॅम्प लागतो. अ‍ॅम्प वाढतात ते या विभागणीचा परिणाम म्हणून.

बाजारात बाय-अँपिंग म्हणून बहुधा उलटेच केले जाते. स्पीकरमागच्या टर्मिनलांच्या दोन जोड्यांमधली पत्र्याची पट्टी काढायची, प्रत्येक जोडीला एक अ‍ॅम्प लावायचा. कॉइल आणि कपॅसिटरांचा मूळ क्रॉसओव्हर, म्हणजे स्वर विभागणारे सर्किट, पेटीत जसाच्या तसा. अशा जोडणीत ट्वीटरच्या अ‍ॅम्पला प्रवाह कमी द्यावा लागतो खरा, पण व्होल्टेज संपूर्ण संगीताचे उचलावे लागते. म्हणून पदरात फारसे पडत नाही. शिवाय दोन अ‍ॅम्पचे गेन ३ डेसिबलने वेगळे असले, तर स्पीकर बनवणाऱ्याने साधलेला तोल तिथेच बिघडतो.

विभागणी आधी झाली तर हिशेब बदलतो. समजा ८ ओहमच्या स्पीकरवर एक खालचा आणि एक वरचा स्वर आहे, प्रत्येकाचे शिखर २० व्होल्टचे. एकाच अ‍ॅम्पमधून दोन्ही जायचे तर शिखरे जुळतील तेव्हा ४० व्होल्ट हवेत, म्हणजे १०० वॉटचा अ‍ॅम्प. स्वर आधीच वेगळे केले, तर २५ वॉटचे दोन पुरतात. ५० वॉटमध्ये १०० वॉटचे काम!

आता मैफलीचे रेकॉर्डिंग लावा. डग्ग्यावर जोरकस थाप पडली आणि एकुलत्या अ‍ॅम्पची मर्यादा ओलांडली, की लहरींचे माथे छाटले जातात. त्या छाटणीतून उपजलेले वरचे स्वर ट्वीटरमध्ये शिरतात आणि तंबोऱ्याच्या जव्हारीवर खरखर चढते. वूफरचा अ‍ॅम्प वेगळा असेल, तर तो त्रास त्याच्यापाशीच थांबतो. जव्हारीचा झंकार अखंड राहतो. मला या रचनेत सर्वांत प्रिय आहे ते हेच. हळू आवाजात ऐकणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. त्याला कळेल ती छेदबिंदूवरची एकसंधता: गायिका तार षड्जाकडे चढताना तिच्या आवाजातले वरचे अंश वूफरमधून ट्वीटरमध्ये गेल्याचा पत्ता लागत नाही.

मूळ क्रॉसओव्हर काढला की वूफरच्या वाटेतली कॉइल निघून जाते, याचे कौतुक मात्र जरा बेतानेच करावे. कॉइलचा रोध ओहमच्या काही दशांशांचा, वूफरच्या स्वतःच्या तारेचा त्याच्या कितीतरी पट.

हे करायचे ठरवलेच, तर प्रत्येक भागाची पातळी मायक्रोफोनने मोजून लावावी, कानाच्या भरवशावर नाही. आणि ट्वीटरच्या वाटेत एक कपॅसिटर ठेवावा. आता अ‍ॅम्प ट्वीटरला थेट जोडलेला असतो. बटण दाबतानाचा एखादा धक्का किंवा बिघाडातून आलेले डीसी त्याची केसासारखी बारीक तार क्षणात जाळू शकते.