फोटो छापून आल्यानंतर

सौविद दत्ता या तरुण छायाचित्रकाराची चोरी २०१७ साली पकडली गेली. मेरी एलन मार्क यांनी १९७८ मध्ये मुंबईच्या फॉकलंड रोडवर टिपलेल्या फोटोतली एक व्यक्ती उचलून त्यानं कोलकात्याच्या स्वतःच्या फोटोत चिकटवली होती. त्यानं कबुलीही दिली. पण त्याआधीच त्याचा दुसरा एक फोटो एका स्पर्धेच्या जाहिरातीत झळकला होता. वेश्यावस्तीतली मुलगी गिऱ्हाइकासोबत, चेहरा स्पष्ट, आणि ओळख अल्पवयीन म्हणूनच दिलेली. त्यावर टीका झाली नाही असं नाही. तरी हे प्रकरण आज आठवतं ते चोरीमुळे. चोरीनं छायाचित्रकार दुखावले होते. मुलगी त्यांच्या बिरादरीतली नव्हती.

वृत्तछायाचित्रणाच्या समीक्षेचं दुखणं मला इथे दिसतं. फोटोत फेरफार झाला का, हे ती बारकाईनं तपासते. २०१६ मध्ये छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरींच्या फोटोंवरून तेच झालं. आपण वृत्तछायाचित्रकार नसून दृश्यकथाकार आहोत, असं सांगून ते मोकळे झाले. केव्हिन कार्टरच्या १९९३ च्या सुदानमधल्या, उपाशी मूल आणि मागे गिधाड असलेल्या फोटोवर तीस वर्षं एकच वाद: त्यानं बटण दाबावं की मुलाला उचलावं? छापून आल्यावर फोटोतल्या माणसाचं काय होतं, इकडे फारसं कोणी फिरकत नाही.

अहमदाबादच्या एका शिंप्याचं पाहा. २००२ च्या दंगलीत हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून उभा असलेला त्याचा फोटो अर्को दत्ता यांनी काढला. फोटोत खोट नव्हती आणि तो काढणं गरजेचंही होतं. पण तो चेहरा साऱ्या जगाच्या मालकीचा झाला. माणूस मालेगावला गेला, पुढे कोलकात्याला गेला. ओळख पाठ सोडेना. राजकीय पक्षांनीही तो फोटो प्रचाराला वापरला. याचा जाब छायाचित्रकाराला विचारणं सोपं, पण अन्यायाचं. निवड वृत्तपत्राच्या डेस्कवर होते, फोटोखालच्या ओळी तिथेच लिहिल्या जातात, फोटो पुन्हा कधी छापायचा तेही तिथेच ठरतं.

मराठी वृत्तपत्रांत नाटक-सिनेमाची परीक्षणं येतात, छापलेल्या फोटोचं क्वचितच. म्हणून विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या फोटोंचा एक साचा बिनबोभाट पक्का झाला: विधवेच्या डोक्यावर पदर, मांडीवर नवऱ्याच्या फोटोची फ्रेम. याउलट छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. तिथे घाणीत उतरलेला देह दिसतो, तसं कामगाराचं घरही दिसतं. पण असं काम करायला वेळ लागतो, आणि दैनिकाला हवा असतो संध्याकाळपर्यंत फोटो. तो नाहीच मिळाला, तर जुन्यातला एखादा काढून खाली ‘संग्रहित छायाचित्र’ एवढं टाकलं की भागतं. फोटोतल्या त्या विधवेला पुन्हा विचारायला कोणी जात नाही.