आधी ‘जी जी’, मग घाव

‘सायन्स’ नियतकालिकातला कॅस-९वरचा २०१२ सालचा शोधनिबंध अवघ्या सहा पानांचा. डाउडना आणि शार्पेंटिए या शास्त्रज्ञांच्या चमूंनी मिळून लिहिलेला. मी तो अधूनमधून उघडतो, ते दोन जागांसाठी.

नायक आहे कॅस-९, घसा धरवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस या जीवाणूचं विकर. हल्ला करून गेलेल्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा जीवाणू स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतो. त्यावरून उतरवलेली आरएनएची चिठ्ठी घेऊन कॅस-९ पुढच्या खेपेला शत्रूला तिच्यातल्या वीस अक्षरांवरून हुडकतं. पण जपलेल्या तुकड्यातही तीच वीस अक्षरं असतात की! मग हे विकर मालकाचंच दफ्तर का फाडत नाही?

इथे पहिली जागा. वीस अक्षरांना लागून कुठलंही एक अक्षर आणि त्यापुढे दोन ‘जी’ असल्याशिवाय कॅस-९ कापत नाही. दफ्तरात तुकड्यापुढे ते नसतात. झीलकऱ्यांनी ‘जी जी’ केल्याशिवाय शाहीर पुढे सरकत नाही, तसंच काहीसं. खूण पटली, अक्षरं जुळली, की तिच्या तीन अक्षरं अलीकडे डीएनएचे दोन्ही पेड तुटतात. दोन पेडांना दोन वेगळी पाती. लेखकांनी एकेक पातं बोथट करून पाहिलं, तेव्हा एकाच पेडाला खाच पडली. इतकं स्वच्छ, की वाद घालायला जागाच राहत नाही.

दुसरी जागा माणसाच्या करामतीची. जीवाणूत चिठ्ठी दोन आरएनए मिळून बनते. लेखकांनी दोघांची टोकं जी-ए-ए-ए या चार अक्षरांच्या फासाने जोडून एकच केली. आता वीस अक्षरं बदलली की पत्ता बदलला. जेलीफिशच्या चमकत्या प्रथिनाच्या जनुकासाठी पाच चिठ्ठ्या लिहिल्या. पाचही ठिकाणी डीएनए बरोबर तुटला.

कॅस-९साठी वापरला जाणारा ‘जनुकीय कात्री’ हा शब्द मला खटकतो, तो अर्ध्यावर थांबतो म्हणून. विकर कापून मोकळं होतं. टाके पेशी घालते. कधी घाईत एखाद-दुसरं अक्षर गाळून, कधी शेजारी ठेवलेल्या नमुन्याबरहुकूम. बदल घडतो तो त्या टाक्यांत. निबंधात तिथवर मजल नाहीच, जवळजवळ सगळा खेळ परीक्षानळीतला. सारांशातही जनुक-संपादनाचा उल्लेख अगदी शेवटच्या वाक्यात, तोही शक्यता म्हणून, दारातूनच डोकावून गेल्यासारखा. मानवी पेशींत ते साधल्याचे निबंध २०१३ उजाडताच प्रसिद्ध झाले.